नाणे आणि त्याचा दाखला

श्रोतेहो, जुनी नाणी जमविण्याचा छंद आपल्याकडे नवा नाही. नवी आहे ती या छंदात अलीकडे शिरलेली एक वस्तू. ती म्हणजे पारदर्शक प्लास्टिकची एक चपटी, कडक डबी. डबीत नाणे असते आणि वरच्या अंगाला एक छापील चिठ्ठी असते. नाण्याचे नाव, वर्ष, टांकसाळ, त्याच्या दर्जाचा आकडा आणि एक लांबलचक अनुक्रमांक असा सारा मजकूर त्या चिठ्ठीवर असतो. डबी उघडता येत नाही; उघडायची तर ती फोडावीच लागते. विकणारा सांगतो, ‘नाण्याकडे काय पाहता? चिठ्ठी पाहा. परीक्षा होऊन गेलेली आहे.’ आणि घेणारा नाण्याऐवजी चिठ्ठी वाचून पैसे मोजतो. या चिठ्ठीवर विश्वास ठेवावा की नाही, आणि ठेवायचा तर कितपत, हा आजच्या भाषणाचा विषय आहे. प्रश्न नवा दिसला तरी आपल्या मुलखाने तो अनेक शतके अनेक रूपांनी सोडविलेला आहे. म्हणून त्याचे उत्तर मी बाजारात न शोधता इतिहासात शोधणार आहे.

प्रारंभ मुधोळपासूनच करू. मुधोळ म्हटले की पुष्कळांना कर्नाटकातले घोरपड्यांचे संस्थान आठवते. मी म्हणतो ते मुधोळ गोदावरीच्या खोऱ्यातले, बासरच्या सरस्वतीच्या देवळापासून जवळचे. १९५६ पर्यंत हा तालुका नांदेड जिल्ह्यात, म्हणजे मराठवाड्यात होता. भाषावार प्रांतरचनेत तो आदिलाबादला जोडला गेला. २०१४ मध्ये तेलंगण राज्यात आला आणि २०१६ पासून नव्या निर्मल जिल्ह्यात मोडतो. जिल्हे बदलले, राज्ये बदलली, पण घरातली मराठी राहिली. आणि जुन्या घरांतून, देवघराच्या कोनाड्यात किंवा धान्याच्या कणगीत जपलेली हाली नाणीही कोठे कोठे राहिली.

‘हाली’ म्हणजे निजामाच्या राज्यातले चालू नाणे. त्याच्या जोडीला ‘कलदार’ होता. कलेवर, म्हणजे यंत्रावर पाडलेला इंग्रज सरकारचा रुपया तो कलदार. निजामी राज्याच्या सीमेवरच्या माणसाला दोन्ही नाणी हाताळावी लागत, आणि त्यांच्यातला फरक शाळेत न जाताही त्याला तोंडपाठ असे. शंभर कलदारांना ११६ रुपये १० आणे ८ पै हाली, म्हणजे सहा कलदारांना सात हाली, असा भाव पुढे स्थिर झाला. हा भाव कोणाच्या लहरीने ठरलेला नव्हता. हाली रुपयाचे वजन सुमारे ११.१८ ग्रॅम आणि त्यातली शुद्ध चांदी शेकडा ८१.८. १९४० पूर्वीच्या कलदाराचे वजन ११.६६ ग्रॅम आणि शुद्ध चांदी शेकडा ९१.७. गणित करून पाहिले, तर सात हालींत सुमारे ६४ ग्रॅम शुद्ध चांदी निघते आणि सहा कलदारांतही जवळजवळ तितकीच. म्हणजे बाजाराचा भाव आणि धातूची साक्ष या दोन गोष्टी एकमेकींशी जुळत होत्या. १९५० नंतर या भागात भारतीय रुपया आला आणि ते दशक संपेपर्यंत हाली नाणे व्यवहारातून उठले. परंतु नाण्याच्या विश्वासाचे पहिले सूत्र ते आपल्याला देऊन गेले : शिक्का जे सांगतो ते वजनाने आणि कसाने पडताळून पाहता आले पाहिजे.

या पडताळणीच्या खुणा आपल्या भाषेतच आहेत. गावोगाव नाणी पारखणारा असे तो पोतदार. बहुधा तो सोनारच असे. सरकारी भरणा त्याच्या डोळ्यांखालून गेल्यावाचून खजिन्यात जात नसे. पेठेत हे काम सराफ आणि नाणावटी करीत. नाणे दगडावर आपटून त्याचा नाद ऐकत, कसोटीवर घासून रेघ पाहत, काट्यावर तोलत. त्या आवाजावरून ‘खणखणीत’ हा शब्द आपण आजही माणसाच्या बोलण्याला लावतो. झिजलेल्या किंवा हिणकस नाण्यावर जी तूट कापून घेत तो बट्टा. आणि माणसाच्या नावालाही आपण बट्टा लागू देत नाही. ‘नाणावलेला’ माणूस म्हणजे नाण्यासारखा पारखून पाहिलेला माणूस. पोतदार, सराफ, पारखी ही आडनावे नुसत्या धंद्याची नव्हेत. विश्वास कोणी कोणावर ठेवावयाचा, याच्या जुन्या व्यवस्थेची ती नावे आहेत.

ही व्यवस्था किती जुनी? कौटिल्याच्या अर्थशास्त्रात टांकसाळीच्या अधिकाऱ्याला लक्षणाध्यक्ष म्हटले आहे, आणि नाण्यांची परीक्षा करणारा रूपदर्शक हा त्याच्याहून निराळा अधिकारी सांगितला आहे. नाणे पाडणारा आणि नाणे पारखणारा हे दोन वेगळे असावेत, ही समज तेव्हापासूनची. परीक्षेचे शुल्कही तेथे बांधून दिले आहे : शंभराला एक अष्टमांश. आपल्या सर्वांत जुन्या आहत नाण्यांवर, म्हणजे ठसे ठोकून केलेल्या चांदीच्या तुकड्यांवर, एका बाजूला ठळक चिन्हे असतात आणि दुसऱ्या बाजूला पुष्कळदा बारीकसारीक ठसे आढळतात. हे ठसे पारख्यांनी परीक्षा करून उमटविलेले असावेत असे विद्वान मानतात. एकाने पारखावे, खूण करावी. दुसऱ्याने पुन्हा पारखावे, आपली खूण करावी. मुघल काळातल्या रुपयांवरही सराफांचे असे ठसे सापडतात. आजचा छांदिष्ट त्यांना नाण्यावरचे डाग समजून नाक मुरडतो. पण खरे पाहता ते त्या नाण्याचे दाखले आहेत, आणि एक नव्हे तर अनेक हातांचे.

गोदावरीच्याच वरच्या अंगाला नाशिक जिल्ह्यात जोगलटेंभी हे गाव आहे. तेथे १९०६ मध्ये क्षत्रप राजा नहपान याच्या चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला. नाणी तेरा हजारांहून अधिक होती. त्यांतल्या नऊ हजारांवर नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपली चिन्हे पुन्हा ठोकलेली होती. सातकर्णीने नहपानाचा पराभव केला होता. शत्रूची नाणी वितळवून टाकणे त्याला अशक्य नव्हते. परंतु त्याने नाणे तेच ठेवले आणि त्यावर आपली साक्ष उमटविली. धातू पूर्वीचाच होता. बदलले ते त्याच्यामागे उभे राहणारे नाव. दाखला म्हणजे काय, याचे इतके स्वच्छ उदाहरण क्वचितच मिळेल. आणि इतिहासकारांचा विश्वास या साठ्यावर का बसला? केवळ चिन्हांवरून नव्हे. साठा कोठे सापडला, त्यात किती नाणी होती, कोणती चिन्हे कोणत्यावर होती, याची नोंद झाली म्हणून. नाण्याचा जन्मठावठिकाणा हा त्याचा सर्वांत मोठा दाखला असतो. प्लास्टिकच्या चिठ्ठीवर दर्जाचा आकडा असतो. हा ठावठिकाणा बहुधा नसतो.

दाखला धातूपासून पार तुटला की काय होते, तेही आपल्याच भूमीने पाहिले. महंमद तुघलकाने दिल्लीची बिऱ्हाडे देवगिरीला हलविली आणि त्या किल्ल्याचे दौलताबाद केले, ही गोष्ट आपण शाळेत शिकतो. त्याच सुमारास, १३२९–३० मध्ये, त्याने पितळेची व तांब्याची नाणी काढली आणि ती चांदीच्या टंक्याच्या भावाने घ्यावीत असा हुकूम केला. ही नाणी दौलताबादच्या टांकसाळीतही पडली. कल्पना मुळात मूर्खपणाची नव्हती; आज आपण कागदाची नोट घेतोच की. चूक अशी की सुलतानाची मुद्रा कोणाही कारागिराला सहज उठविता येत होती. इतिहासकार बरनी सांगतो की घरोघरी टांकसाळी झाल्या. अखेरीस सुलतानाला ती नाणी खऱ्या सोन्याचांदीच्या बदल्यात परत घ्यावी लागली आणि निकामी पितळेचे ढीग तुघलकाबादेत साचले. दाखला हा दाखला दिलेल्या वस्तूपेक्षा बनविण्यास सोपा असला, तर बनविणारे प्रथम दाखलाच बनवितात. हे दुसरे सूत्र आजच्या डबीलाही तंतोतंत लागू पडते.

तिसरे सूत्र रायगडावरचे आहे. १६७४ च्या जून महिन्यात शिवछत्रपतींचा राज्याभिषेक झाला, तेव्हा इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन तह करण्यासाठी तेथे आला होता. इंग्रजांची नाणी मराठी राज्यात चालावीत आणि मराठी नाणी मुंबईत चालावीत, अशी इंग्रजांची एक मागणी होती. महाराजांनी दिलेल्या उत्तराचा आशय असा : कोणतेही नाणे चालण्यास मी बंदी करीत नाही, पण ज्यात प्रजेचे नुकसान होईल ते नाणे घेण्याची सक्तीही मी तिच्यावर करणार नाही. तुमचे नाणे मोगलांच्या व इतर राजांच्या नाण्यांइतके कसाचे आणि वजनाचे असेल, तर ते आपोआप चालेल. नव्या सार्वभौम राजाने स्वतःचे होन आणि शिवराई पाडण्याच्या त्याच प्रसंगी हे उत्तर दिले आहे, हे लक्षात घ्यावे. राजमुद्रेच्या तेजापेक्षा नाण्याचा कस त्याने वरचढ मानला. दाखला श्रद्धेची सक्ती करू शकत नाही. त्याने श्रद्धा मिळवावी लागते.

पेशवाईत या शहाणपणाची पुन्हा कसोटी लागली. त्या काळी सरकार सोनार व सावकार यांना टांकसाळीचे परवाने देई. वजन आणि कस यांच्या अटी करारात असत. अटी मोडणाऱ्यास दंड होई. पुण्याकडचा अंकुशी रुपया, चांदवडचा चांदवडी रुपया अशी नाण्यांची कुळे तयार झाली. परवाना घेणाऱ्याचे उत्पन्न मात्र जितकी नाणी पडतील तितके वाढे, आणि नाण्यात थोडे हीण अधिक मिसळले तर आणखी वाढे. थोरल्या माधवरावांच्या कारकीर्दीत कृष्णेच्या दक्षिणेकडे जागोजाग निघालेल्या टांकसाळींनी इतकी हिणकस नाणी काढली की त्या बंद करून धारवाडला एकच मध्यवर्ती टांकसाळ ठेवण्याचे हुकूम द्यावे लागले. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी १८९९ मध्ये पेशवे दफ्तरातल्या कागदांच्या आधारे मराठी राज्यातील टांकसाळींवर निबंध लिहिला, त्यात हा इतिहास आला आहे. त्यातून चौथे सूत्र हाती येते : ज्याची मिळकत दाखल्यांच्या संख्येवर अवलंबून आहे, त्याच्यावर दुसऱ्या कोणाची तरी नजर असलीच पाहिजे.

श्रोतेहो, आजच्या डबीचा खरा पूर्वज सांगावयाचा तर तो सराफाची मोहोरबंद थैली हा होय. सराफ नाणी पारखून, मोजून थैलीत भरी, तोंड बांधी आणि लाखेवर आपली मोहोर उठवी. ती थैली पुढे अनेक हातांतून न उघडता फिरे. तीवर विश्वास का बसे? लाख अभंग असे म्हणून तर खरेच; पण मोहोर करणारा सराफ त्याच पेठेत दुकान मांडून बसलेला असे, हे त्याहून महत्त्वाचे. थैलीत खोटे नाणे निघाले तर ती घेऊन त्याच्या दारात उभे राहता येत असे आणि त्याची पत चार लोकांत जात असे. लाखेचा अर्थ ‘आत पाहू नका’ असा नव्हता. ‘काही उणे निघाले तर माझ्याकडे या’ असा होता.

इकडे निजामाच्या राज्यातही नाना टांकसाळींचे नाना रुपये चालत. पहिल्या सालारजंगाने १८५३ मध्ये दिवाणगिरी हाती घेतल्यावर ही गर्दी मोडून हाली सिक्का एकसूत्री केला. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी यंत्रावर पाडलेले, चारमिनारचे चित्र असलेले सुबक रुपये आले. चारमिनारच्या दारात एक उर्दू अक्षर असते : महबूब अली खानांच्या नाण्यावर ‘मीम’, उस्मान अली खानांच्या नाण्यावर ‘ऐन’. यंत्राच्या नाण्याने सराफाचे निम्मे काम संपविले; काठ कातरला तर लगेच दिसू लागला, आणि एक रुपया दुसऱ्यासारखा हुबेहूब निघू लागला. पण तेच नाणे चलनातून उठून छंदाची वस्तू झाले, तेव्हा परीक्षेचा प्रश्न उलट्या बाजूने परत आला. दारातले अक्षर अर्धे आहे की पूर्ण, एवढ्यावरून आता किंमत बदलू लागली. चलनातल्या नाण्याची परीक्षा रोज, हजार हातांनी होत असते. संग्रहातल्या नाण्याची परीक्षा एकदाच होते आणि मग ते बंद होते. म्हणूनच खोट्याला तेथे अधिक वाव आहे.

हा नवा दाखला अमेरिकेतून आला. विल्यम शेल्डन नावाच्या गृहस्थाने १९४९ मध्ये अमेरिकेच्या जुन्या तांब्याच्या सेंटांसाठी एक ते सत्तर असे दर्जाचे आकडे सुचविले. मुळात ते किमतीचे गणित होते : सत्तर दर्जाचे नाणे एक दर्जाच्या नाण्याच्या सत्तरपट किमतीचे, असा हिशेब. बाजाराने तो हिशेब केव्हाच सोडला, पण आकडे राहिले. १९८६ आणि १९८७ मध्ये पीसीजीएस व एनजीसी या दोन कंपन्या निघाल्या. त्यांनी नाणी पारखून, आकडा देऊन, डबीत बंद करण्याचा धंदा रूढ केला. आज भारतातली नाणीही अशा डब्यांतून विकली जातात. एक गोष्ट मात्र सांगितली पाहिजे. ज्या शेल्डनने हे माप दिले, त्यानेच न्यूयॉर्कच्या अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीच्या संग्रहातली चांगली नाणी काढून त्या जागी आपली हलकी नाणी ठेवली होती, हे त्याच्या मृत्यूनंतर उघडकीस आले. माप त्यामुळे खोटे ठरत नाही. परंतु माप आणि माप लावणारा हात या दोन गोष्टी आहेत, हे विसरता कामा नये.

आता आपल्या चार सूत्रांवर ही डबी घासून पाहू. पहिले, पडताळणी. डबीवरचा अनुक्रमांक कंपनीच्या नोंदीत आहे का, हे कोणालाही पाहता येते. पण तेवढे पुरे नाही. या शतकाच्या पहिल्या दशकातच नकली डब्या बाजारात आल्या, आणि त्यांवरचे अनुक्रमांक खऱ्या नोंदींतून उचललेले होते. म्हणून नोंदीतले छायाचित्र मिळाले तर ते हातातल्या नाण्याशी ताडून पाहावे : तोच ओरखडा, तोच डाग, ठशाचा तोच कलता कोन. नुसता आकडा जुळला तर चिठ्ठी जुळली. नाणे जुळले असे नव्हे. दुसरे, दाखल्याची नक्कल. डबीच्या कडा उघडून पुन्हा डकविल्यासारख्या आहेत का, अक्षरांची छपाई पुसट आहे का, हे पाहावे. बंद डबीत नाणे काट्यावर घालता येत नाही, नाद ऐकता येत नाही, कसोटी लावता येत नाही. म्हणजे आपल्या पोतदाराची तिन्ही हत्यारे तेथे बोथट होतात. उरतो तो डोळा, आणि डोळा तयार व्हावयाचा तर खरी नाणी पुष्कळ पाहावी लागतात. हैदराबादेत सैफाबादची जुनी टांकसाळ आता संग्रहालय झाली आहे. शाळांच्या सहली नेतो, तेव्हा अशी ठिकाणेही त्यांत असावीत.

तिसरे, दर्जाचा आकडा म्हणजे कस नव्हे. खरे की खोटे, हा प्रश्न वस्तूचा आहे. त्रेसष्ट की चौसष्ट, हा मताचा आहे. तेच नाणे डबी फोडून पुन्हा पाठविले तर निराळा आकडा मिळू शकतो, आणि मिळेपर्यंत पाठविणारे लोकही आहेत. म्हणून एका आकड्याच्या फरकासाठी दुप्पट पैसे मोजणाऱ्याने आपण चांदी घेत नसून मत विकत घेत आहोत, हे ओळखावे. चौथे, उत्तरदायित्व. दाखला देणारा स्वतःच नाणे विकतो आहे काय? परीक्षा चुकली तर नुकसान कोण भरून देतो, आणि कोणत्या अटींवर? जुन्या कंपन्या अशी हमी देतात. कालपरवा निघालेली, ठावठिकाणा नसलेली एखादी संस्था चिठ्ठी छापते, पण हमी देत नाही. ज्याच्या दारात थैली घेऊन जाता येत नाही, त्याची मोहोर ही नुसती लाख आहे.

यात ज्याचे नुकसान होते तो कोण, हेही पाहिले पाहिजे. पूर्वी शेतसारा ठराविक नाण्यात भरावा लागे आणि शेतकऱ्याच्या हाती असे ते नाणे निराळे असे; मधला बट्टा सराफाच्या घरी जाई. आजही तसेच घडू शकते. एखाद्या म्हातारीने जपलेले हाली रुपये पाहून दलाल म्हणतो, ‘दाखल्यावाचून याला भाव नाही’. चांदीच्याही मोलाने तो ते घेत नाही. आणि शहरातला नवखा माणूस दाखला पाहून तसल्याच रुपयाला अवाच्या सवा देतो. दोघांमधला बट्टा मधल्याच्या घरी जातो. रिझर्व्ह बँकेच्या नावाने जुनी नाणी व नोटा भरमसाट किमतीला घेण्याची आमिषे दाखविली जातात. असा कोणताही व्यवहार आपण करीत नाही, असे त्या बँकेला २०२१ मध्ये जाहीरपणे सांगावे लागले. घरात सामान्य हाली रुपया असेल, तर त्यात नऊ ग्रॅमच्या आसपास चांदी आहे, एवढे ज्ञान असले तरी त्या म्हातारीला निम्म्या किमतीत कोणी गंडवू शकणार नाही. आणि परीक्षेचे शुल्क नाण्याच्या किमतीपेक्षा अधिक होत असेल, तर त्याला डबीत घालणे हा शहाणपणा नव्हे.

तेव्हा चिठ्ठीवर विश्वास ठेवावा की नाही? ठेवावा, पण पोतदारावर गाव ठेवीत असे तसा. गाव त्याच्या डोळ्यावर विसंबे, कारण तो डोळा रोज तपासला जात असे, त्याची चूक लपत नसे आणि तो गाव सोडून कोठे जाणार नव्हता. जो दाखला पुन्हा तपासू देतो, ज्याच्यामागे सापडणारा आणि जबाबदार माणूस उभा आहे आणि जो स्वतःच्या विक्रीसाठी दिलेला नाही, तो दाखला आपले काम हलके करतो. जो म्हणतो, ‘आता नाण्याकडे पाहू नका’, तो दाखला नव्हे. ती पडदा टाकण्याची युक्ती आहे. दाखला वाचावाच, पण पैसे मोजण्यापूर्वी नजर चिठ्ठीवरून खाली, नाण्यावर आणावी.